परतीची परवानगी

अनुपमा बारा सप्टेंबरला शारजाहून निघाली तेव्हा तिच्या बॅगेत दोन आठवड्यांचे कपडे होते. मिरजेत सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होतं. राजन त्यांचा एकुलता एक मुलगा. पण दुबई मरीनातल्या त्याच्या ऑफिसात ऑडिट चालू होतं. तू पुढे हो, मी आठवड्याभरात येतो, असं तो म्हणाला. आला तो सतरा दिवसांनी, आणि चार दिवस राहून गेला.

ऑपरेशन चांगलं झालं. अनुपमाने परतीचं तिकीट काढलंही होतं. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. डॉक्टरांनी सांगितलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे, व्यायाम नेटाने करून घ्या. करून घेणार कोण, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. दिवसासाठी वैभवी नावाची एक नर्सिंग शिकलेली मुलगी मिळाली, रात्र अनुपमाची.

शारजात अल मजाजला, तलावाच्या बाजूच्या एका उंच इमारतीत, त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. शुभ्राचा जन्म तिथलाच. अनुपमा अकरा वर्षं एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवत होती. व्हिसा मात्र राजनच्या नावावरचा. नवऱ्याच्या व्हिसावर असलेली शिक्षिका शाळेला सोयीची पडते, आणि तिलाही कधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दर दोन वर्षांनी रक्ततपासणी, बोटांचे ठसे, नवं कार्ड. कायमचं असं तिथे कुणालाच काही मिळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे कायमचे असल्यासारखेच पडदे शिवून घेतात.

एक नियमही सगळ्यांना तोंडपाठ असतो. देशाबाहेर सलग एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त राहिलं की रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, आपोआप संपते. म्हणून बाळंतपणाला गेलेल्या बायका, आजारपणाला गेलेली माणसं सहा महिने पुरे व्हायच्या आत एक फेरी मारून येतात. विमानतळावर एंट्री झाली की दिवस पुन्हा एकपासून. अनुपमाने मिरजेच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर अकरा मार्चला पेनाने गोल केला होता. तिचं आठ मार्चचं तिकीट होतं, चार दिवसांसाठी. दहा मार्चला शुभ्राचा दहावीचा गणिताचा पेपर होता. दुसऱ्यांच्या मुलांना अकरा वर्षं गणित शिकवलं आणि स्वतःच्या मुलीला ती व्हिडिओ कॉलवर भूमिती समजावून सांगत होती. तेव्हा निदान पेपरच्या दिवशी तरी घरी असावं, एवढीच तिची इच्छा होती.

शाळेने तिला बिनपगारी रजा दिली होती. प्रिन्सिपॉल भल्या होत्या. नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, चौदा तारखेपर्यंत हजर व्हा, त्यापुढे मला जागा रिकामी ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

सासूबाईंशी तिचं फार गूळपीठ कधी नव्हतं. त्या तीस वर्षं पोस्टात नोकरी केलेल्या, हिशोबी बोलणाऱ्या. पण त्या सहा महिन्यांत दोघींमधलं काहीतरी सैल झालं. कमोडवर बसवताना, कुशीवर वळवताना संकोच उरत नाही आणि संकोचाबरोबर बरंच काही जातं. मार्चच्या पाच तारखेला अनुपमाने त्यांना सांगितलं की शनिवारी मी जाणार, बुधवारी परत, वैभवी आणि तिची आई दोघी राहतील. सासूबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. त्यांना तोंडातून शब्द काढायला वेळ लागायचा. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "जाऊन ये. पोरगी."

सात तारखेला त्यांना ताप भरला. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात दाखल करावं लागलं, छातीत कफ झाला होता. अनुपमाने राजनला फोन केला. तो म्हणाला की आत्ता निघू नकोस, तिकीट पुढे ढकलू. ते बरोबरच होतं, तिलाही तसंच वाटत होतं.

नऊ तारखेला ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, दोन दिवसांत घरी न्या. अनुपमाने वैभवीशी बोलून घेतलं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच राजनला फोन लावला. दहाला दुपारी गोव्याहून एक विमान होतं. संध्याकाळी उतरलं तरी एंट्री होणार होती, पेपर हुकला तरी शुभ्राला रात्री भेटता आलं असतं आणि बाराला परत येता आलं असतं.

राजनने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "हे बघ, मी हम्मादशी बोललोय. एकशे ऐंशी दिवस उलटले तरी परतीची परवानगी मिळते. ऑनलाइन अर्ज करायचा, कारण लिहायचं, हॉस्पिटलचे कागद जोडायचे. आठवड्यात येते. तू धावपळ करू नकोस."

हम्माद त्यांच्या इमारतीखालच्या टायपिंग सेंटरमध्ये बसायचा. व्हिसाचे, कार्डाचे, भाडेकराराचे अर्ज भरून देणं हे त्याचं काम. एकोणीस वर्षांतले त्यांचे सगळे कागद त्याच्या हातून गेलेले. तो म्हणाला असेल तर प्रश्नच नव्हता.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"अगं, नक्की. तू आईकडे बघ."

तिने दवाखान्याचे कागद मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवले. अकरा मार्च आला आणि गेला. शुभ्राचा फोन आला की पेपर बरा गेला, शेवटचा प्रश्न सुटला. ममा, इट्स ओके, असं ती म्हणाली, तेव्हा आपण काही विचारलेलंच नाही हे अनुपमाच्या लक्षात आलं.

परवानगीचं काय झालं, हे तिने पुढच्या दोन आठवड्यांत चार-पाचदा विचारलं. प्रोसेसमध्ये आहे, राजन म्हणायचा. एकदा म्हणाला, त्यांची सिस्टीम स्लो आहे. एकदा म्हणाला, इन्शाल्ला, या आठवड्यात. इन्शाल्ला हा शब्द तिथे राहून सगळेच वापरतात. त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून लावायचा असतो, आणि फोनवर तोंड दिसत नव्हतं.

सत्तावीस मार्चला पहाटे सासूबाई गेल्या. झोपेतच. अनुपमा शेजारच्या खाटेवर होती.

राजन आणि शुभ्रा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. राजन खूप रडला. आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता की अनुने आईचं केलं तसं सख्ख्या मुलीने केलं नसतं. नातेवाईक मान हलवत होते. अनुपमाला त्याच्या रडण्याची कणव आली. तिने त्याच्यासाठी पाणी आणलं, दहाव्याची, तेराव्याची तयारी केली, गुरुजींशी तीच बोलली. आठ एप्रिलला तेरावा झाला. परवानगीचं तिने पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, झालंय जवळजवळ, तोवर आपल्याला विमानात बसायला काही अडचण नाही, तुझं कार्ड व्हॅलिड आहे ना?

कार्ड व्हॅलिड होतं. त्यावर अजून चौदा महिन्यांची तारीख होती.

दहा एप्रिलला तिघं मुंबई विमानतळावर पोचली. रांगेत राजन पुढे होता. त्याचे आणि शुभ्राचे बोर्डिंग पास आले, बॅगा गेल्या. काउंटरवरच्या मुलीने अनुपमाचा पासपोर्ट आणि कार्ड घेतलं, कळफलकावर काहीतरी टाइप केलं, पुन्हा टाइप केलं आणि शेजारच्या माणसाला बोलावलं. त्याने स्क्रीन बघितली.

"मॅडम, तुम्ही शेवटच्या कधी बाहेर पडलात तिथून?"

तिने तारीख सांगितली.

"मग री-एंट्री परमिट लागेल. आहे का?"

अनुपमाने राजनकडे बघितलं. तो म्हणाला, अर्ज केलाय, प्रोसेसमध्ये आहे. त्या माणसाने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि अगदी सौम्य आवाजात सांगितलं की रेसिडेन्सी चालू दिसत नाही, आम्ही बसवलं तरी तिकडून परत पाठवतील, आणि दंड आम्हाला लागेल.

"पण कार्ड व्हॅलिड आहे," अनुपमा म्हणाली.

"कार्ड आहे, मॅडम. रेसिडेन्सी नाही."

मागे रांग वाढत होती. त्यांना बाजूला उभं राहायला सांगण्यात आलं. राजनने दोन-तीन फोन लावले, कुणाशी तरी हिंदीत बोलला, मग म्हणाला की शुभ्राचे अकरावीचे वर्ग चालू झालेत आणि माझी रजा संपलीय, आम्ही दोघं जातो, मी तिकडून दोन दिवसांत सगळं करतो. शुभ्रा आईचा हात धरून उभी होती. सोळा वर्षांची मुलगी, आईपेक्षा उंच झालेली, त्या सात महिन्यांत. राजनने तिला यल्ला, चल म्हणून पुढे काढलं. अनुपमाची बॅग वजनकाट्याशेजारी जमिनीवर पडली होती. ती उचलून अनुपमा बाहेर आली आणि ठाण्याच्या मावसबहिणीकडे गेली. तिथे तिने तीन आठवडे काढले.

दोन दिवसांत काही झालं नाही. जुनी रेसिडेन्सी आधी रीतसर रद्द करायला लागली, मग व्हिजिट व्हिसाचा अर्ज, मग सुट्ट्या. चौदा एप्रिलला तिने प्रिन्सिपॉलना स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. पंधराला नव्या शिक्षिकेने दहावी अ आणि ब हे वर्ग घेतले.

मेच्या पहिल्या आठवड्यात अनुपमा साठ दिवसांच्या पाहुण्यांच्या व्हिसावर शारजाच्या विमानतळावर उतरली. इमिग्रेशनच्या खिडकीत एक तरुण अमिराती मुलगी होती. तिने परतीचं तिकीट मागितलं, ते अनुपमाकडे होतं. कुठे राहणार, हॉटेल की नातेवाईक, असं तिने विचारलं. अनुपमाच्या तोंडून नाव निघेना. शेवटी ती हजबंड म्हणाली. मुलीने वेलकम म्हणून पासपोर्ट परत दिला.

घर तसंच होतं. खाली पार्किंगमध्ये तिच्या गाडीवर धुळीचा जाड थर बसला होता. राजन म्हणाला की रेसिडेन्सी होईपर्यंत तू चालवू नकोस, लायसन्सचा घोळ होईल. त्याने फॅमिली व्हिसाचा अर्ज भरून ठेवला होता, फक्त तिची सही आणि फोटो हवे होते. दोन वर्षांपूर्वीचा फोटो कपाटात होता, पण हम्माद म्हणाला होता की नवा लागतो. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी ती खाली टायपिंग सेंटरमध्ये गेली.

हम्मादने तिला बघून खुर्ची पुसली. सासूबाईंबद्दल त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली. तो मुलतानचा. त्याची स्वतःची आई दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हा त्याला जाता आलं नव्हतं. चहा मागवून तो अर्ज चाळत बसला. मग मान हलवत, जणू दोघांनाही माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगावी तसं म्हणाला, "बाजी, मैंने तो साहब को नौ तारीख को ही बोल दिया था. सास की बीमारी पर परमिट मिले, इसकी कोई गॅरंटी नहीं. एक दिन के लिए बुला लो, एंट्री हो जाए, खलास. फिर रिजेक्ट आया तब भी फोन किया था."

"रिजेक्ट कब आया?" अनुपमाने विचारलं.

त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं. अठरा मार्च.

सासूबाई सत्तावीसला गेल्या होत्या. म्हणजे नऊ दिवस आधी. म्हणजे ते रडणं, तो तेरावा, मिरजेहून मुंबईपर्यंतचा आठ तासांचा गाडीचा प्रवास, काउंटरवर मांडलेली बॅग, हे सगळं त्याला माहीत असताना झालं होतं. अनुपमाने चहा पूर्ण प्यायला. हम्मादला बहुधा कळलं की आपण काहीतरी बोलून बसलो. तो खाली मान घालून कागद जुळवत राहिला. तिने फोटो दिला नाही. विचार करून येते, असं म्हणून ती वर आली.

त्या शनिवारी शुभ्रा क्लासला गेल्यावर ती राजनसमोर बसली. तो लॅपटॉपवर काहीतरी बघत होता. तिने हम्माद काय म्हणाला ते सांगितलं, तारखेसकट. आवाज चढवला नाही. राजनने लॅपटॉप मिटला. आधी तो म्हणाला की हम्माद गोंधळ करतो. मग म्हणाला, गॅरंटी नाही म्हणजे मिळणारच नाही असं नव्हे.

"मी सांगितलं असतं, तर तू गेली असतीस," तो शेवटी म्हणाला.

"हो. एक दिवस."

"आणि त्या एका दिवसात आईचं काही झालं असतं तर?"

"तर तिचा मुलगा कुठे होता, असं लोकांनी विचारलं असतं. सून कुठे होती, असं नाही."

राजनने नोकरीचं सांगितलं. कंपनीत माणसं काढत होते, लांब रजा घेतली असती तर तोच पहिला गेला असता, मग तिघांचेही व्हिसा गेले असते. हे खोटं नव्हतं. अनुपमालाही माहीत होतं. पण ते त्याने तेव्हा सांगितलं असतं तर तिने कदाचित स्वतःच जायचं नाही असं ठरवलं असतं, आणि मग ते तिचं ठरवणं असतं. तेवढं त्याला समजावून सांगायला ती बसली नाही.

"आणि विमानतळावर?" तिने विचारलं.

"मला वाटलं, नाही बघणार. कार्ड दाखवलं की सोडतील."

तिला हसू आलं, ते काही चांगलं हसू नव्हतं. राजन उठून बाल्कनीत गेला. खाली तलावाच्या कडेने लोक चालत होते. थोड्या वेळाने आत येऊन तो म्हणाला की झालं ते झालं, अर्जावर सही कर, पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत होईल. अनुपमा म्हणाली, "तुझ्या नावावर नको."

तिने शाळांत अर्ज केले. मे महिन्यात कुणी शिक्षक घेत नाही. साठ दिवसांतले चाळीस संपले तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या मीनाक्षीताईंचा फोन आला. त्या आणि त्यांचे यजमान शारजाच्या औद्योगिक भागात फराळाचे पदार्थ बनवायचा छोटा कारखाना चालवत होते. चकल्या, शेव, दिवाळीला चिरोटे. त्यांना ऑर्डरी आणि माल बघायला विश्वासाचं माणूस हवं होतं. मीनाक्षीताईंनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या शिक्षणाला हे शोभणारं नाही, पण व्हिसा कंपनीचा देईन. अनुपमाने दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट नेऊन दिला.

पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा ठसे. व्यवसायाच्या रकान्यात क्लार्क असं आलं. राजनने ते बघितलं आणि ठेवून दिलं. शुभ्राने मात्र विचारलं, "बट यू आर अ टीचर, ममा." अनुपमा म्हणाली, होते. मग तिला शुभ्राचा चेहरा बघवला नाही, म्हणून तिने विषय बदलला. संध्याकाळी ती अजून शुभ्राला गणित शिकवते. ते मात्र सुटलेलं नाही.

घर मोडलं नाही. मोडायची तिची इच्छाही नव्हती. शुभ्राची अकरावी-बारावीची दोन वर्षं होती, आणि वेगळं राहणं तिथे सोपं नसतं. राजन पूर्वीपेक्षा जास्त मदत करायला लागला. भाजी आणायचा, भांडी लावायचा. ती त्याला थँक्यू म्हणायची. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि तिने तो शब्द त्याला पूर्वी कधी म्हटला नव्हता.

मार्चमध्ये वर्षश्राद्ध आलं. तीन तिकिटं काढू का, असं राजनने विचारलं. कारखान्यात मोठी ऑर्डर आहे, मला जमणार नाही, असं ती म्हणाली. ऑर्डर खरंच होती; पण मीनाक्षीताईंनी रजा दिली असती. तिने मागितली नाही. राजन एकटा गेला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. ती चकलीच्या पाकिटांवर तारखा तपासत होती. आईचं नेहमीचं लुगडं कुठल्या कपाटात आहे, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं. वैभवीला जेवायला बोलवायचंय, तिचा नंबर आहे का? तिने पाठवला. डॉक्टरांचं नाव काय? तिने सांगितलं. मग तो म्हणाला की आत्या आल्यात, आईचे शेवटचे दिवस कसे गेले म्हणून विचारतायत, मला नीट काही सांगता येईना.

"ती शेवटी काही बोलायची का गं? माझ्याबद्दल?"

पलीकडून मिरजेच्या त्या घरातले आवाज येत होते. भांड्यांचे, कुणाच्या तरी खोकण्याचे. सासूबाई राजनबद्दल बोलायच्या. अर्धी अर्धी वाक्यं, त्याच्या लहानपणची. फेब्रुवारीत एकदा तासभर त्या त्याच्या मुंजीबद्दल सांगत होत्या, आणि अनुपमाने एकेक शब्द जोडून ते ऐकलं होतं. ते सगळं तिच्याकडे होतं, दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

"मला नाही आठवत," ती म्हणाली.

तो बरं म्हणाला. थोडा वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही. मग कारखान्यातल्या बाईने नवा ट्रे आणून ठेवला आणि अनुपमाने पुढचं पाकीट उचललं.